कापसाचा भाव ठरविणारे हात

गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या कांठच्या काळ्या भुईंत कापूस चांगला पिकतो, ही गोष्ट परभणीकडच्या माणसास सांगावी लागत नाहीं. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास या मुलखांतून गेला, आणि सेलू, मानवत, परभणी या पेठांचें महत्त्व पाहतां पाहतां वाढलें. पौषाच्या थंडींत पहांटे गाडी जुंपून निघालेला शेतकरी दिवस वर येण्याच्या सुमारास पेठेंत पोंचे, आडत्याच्या दारापुढें बैल सोडी, आणि पहिला प्रश्न भावाचा करी. आडत्याचें उत्तर बहुधा ठरलेलें असे : मुंबईहून तार आली आहे, तींत अमुक आंकडा आहे. त्या आंकड्यावर त्या घरचें वर्षाचें कापडचोपड, सावकाराचें व्याज आणि एखाद्या मुलीचें लग्न अवलंबून असे. आंकडा चांगला असला तर गाडी परततांना तींत गुळाची ढेप असे. वाईट असला तर गाडी रिकामी जाई.

ती तार मुंबईहून येई. परंतु मुंबईचा भाव लिव्हरपूल, न्यूयॉर्क आणि ओसाका येथील भावांकडे पाहून ठरे. येथपर्यंतची कथा बाजाराची झाली. बाजाराच्या मागें मात्र आणखी एक दालन आहे, आणि त्या दालनांत तराजू नसतो. तेथें टेबलाभोवतीं माणसें बसलेलीं असतात. एका देशाच्या नाण्याबद्दल दुसऱ्या देशाचें नाणें किती मिळावें, परदेशच्या मालावर जकात किती असावी, कोणत्या राष्ट्राशीं कसला करार व्हावा, या गोष्टी पाऊसपाण्यानें ठरत नाहींत. त्या माणसें ठरवितात. हीं माणसें कोण असतात? त्या टेबलाशीं येऊन बसण्यापूर्वीं तीं काय करीत होतीं? कोणी दप्तर सांभाळलें, कोणी न्यायालयांत वाद केला, कोणी पेढी चालविली, कोणी वर्गांत शिकविलें. पेसा हा मनुष्याचा दुसरा डोळा आहे. त्या डोळ्यास जें दिसतें तें इतरांस दिसत नाहीं, आणि जें त्यास दिसत नाहीं तें पुष्कळदां अगदीं समोर पडलेलें असतें. परभणीच्या कापसाच्या निमित्तानें या गोष्टीचा विचार करणें बोधप्रद ठरेल.

प्रथम परभणीची त्या काळची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि त्या संस्थानाचें नाणें वेगळें होतें. लोक त्यास हाली शिक्का म्हणत, आणि इंग्रजी हद्दींतील रुपयास कलदार म्हणत. शंभर कलदार रुपयांस ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै असा सरकारी दर होता. म्हणजे सहा कलदारांस सात हाली. संस्थानाचें जकात खातेंहि वेगळें होतें. त्याचें नांव करोडगिरी. यास्तव परभणीचा कापूस परदेशीं जाई तेव्हां त्याच्या किमतीस दोन उंबरे ओलांडावे लागत. परदेशी नाण्याचे कलदार होत, आणि कलदाराचे हाली होत. पहिल्या उंबऱ्याची उंची लंडन व दिल्ली येथें ठरे, दुसऱ्याची हैदराबादेस. शेतकऱ्यास यांपैकीं एकहि जागा ठाऊक नसे; परंतु दोहोंचा परिणाम त्याच्या कनवटीस कळे.

पहिल्या उंबऱ्याचा मोठा वाद १९२५–२६ सालीं झाला. हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या शाही आयोगाचे अध्यक्ष हिल्टन यंग होते, व त्यांच्यासह आयोगावर एकंदर दहा सभासद होते. रुपयाची किंमत १६ पेन्स असावी कीं १८ पेन्स असावी, हा त्यांच्यापुढील सर्वांत झोंबणारा प्रश्न. दोन पेन्सांचा हा वाद वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु कापूस विकणाऱ्याच्या बाजूनें हिशेब मांडला म्हणजे त्याचें स्वरूप कळतें. परदेशीं कापसास १६० पेन्स आले असें समजावें. रुपया १६ पेन्सांचा असला तर त्यांचे १० कलदार होतात. रुपया १८ पेन्सांचा असला तर ८ रुपये १४ आण्यांच्या आसपास होतात. हेच आंकडे हाली शिक्क्यांत पाहिले तर पहिल्या दरानें सुमारें ११ रुपये ११ आणे आणि दुसऱ्यानें सुमारें १० रुपये ६ आणे पडतात. कापूस तोच, गाडी तीच, बैल तेच. आणि प्राप्तींत सव्वा रुपयाहून अधिक अंतर!

अर्थात् या प्रश्नास दुसरी बाजू होती. रुपया महाग असला म्हणजे परदेशचा माल स्वस्त पडतो, आणि सरकारला विलायतेस पाठवावयाच्या रकमेचा बोजा हलका होतो. शिवाय १८ पेन्सांचा दर प्रत्यक्षांत आधींच रूढ झालेला असून देशांतील भाव त्याशीं जुळले आहेत, असें त्या पक्षाचें म्हणणें होतें. अशा वादांत कोणता पुरावा कोणास वजनदार वाटतो, हें पाहणाऱ्याच्या पेशावर पुष्कळसें अवलंबून असतें.

मग हे दहा जण कोण होते? हेन्री स्ट्रॅकॉश, नॉर्कट वॉरन आणि प्रेस्टन हे पेढ्यांच्या व्यवहारांत मुरलेले. आर. ए. मँट हे मुलकी सेवेंतील अधिकारी. अलेक्झांडर मरे बंगालच्या तागाच्या व्यापारांतील. अध्यक्ष हिल्टन यंग हे पार्लमेंटांतील मुत्सद्दी. हिंदी सभासद चार : कलकत्त्याचे अभियंते व कारखानदार राजेंद्रनाथ मुकर्जी, नागपूरचे वकील व उद्योजक माणेकजी दादाभाई, अर्थशास्त्राचे प्राध्यापक जहांगीर कोयाजी, आणि मुंबईचे कापसाचे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास. नऊ जणांनीं १८ पेन्सांचा कौल दिला. एकट्या पुरुषोत्तमदासांनीं आपली भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सांचा आग्रह धरला. १९२७ सालीं कायदा झाला तो १८ पेन्सांचा.

पुरुषोत्तमदासांस जें दिसलें तें इतरांस कां दिसलें नाहीं? ते इतरांहून अधिक बुद्धिमान् होते म्हणून नव्हे. त्यांचें सारें आयुष्य कापसाच्या गांठींत गेलें होतें; मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या मुख्य संघाचें, ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचें, अध्यक्षपद त्यांनीं दीर्घकाळ भूषविलें. कापसाचा भाव एका आण्यानें उतरला म्हणजे खेड्यांतील देणें कसें थकतें, हें त्यांच्या पेढीवर रोज येऊन सांगितलें जाई. पेढीवाल्यास दराचें स्थैर्य दिसलें, अधिकाऱ्यास अंदाजपत्रक दिसलें; कापूसवाल्यास कापूस दिसला. परंतु याच ठिकाणीं एक सावधगिरी घेतली पाहिजे. व्यापारी म्हणजे शेतकरी नव्हे. हुंडणावळीच्या प्रश्नांत दोघांचें हित एका बाजूस पडलें, एवढेंच. तोच प्रश्न मापाचा, कसरीचा, आडतीचा किंवा प्रतवारीचा असता, तर मानवतच्या पेठेंतील गाडीवान आणि मुंबईच्या काळबादेवीवरील पेढी समोरासमोर उभे ठाकले असते.

याच आयोगापुढें डिसेंबर १९२५ मध्यें डॉ. भीमराव आंबेडकर यांची साक्ष झाली. कोलंबिया व लंडन येथें अर्थशास्त्राचें अध्ययन, मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयांत अध्यापन, त्यानंतर बॅरिस्टरी, आणि १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावर प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ, अशी त्यांची त्या वेळची तयारी होती. हुंडणावळ उतरल्यानें माल परदेशीं विकणाऱ्याचा लाभ होतो हें खरें; परंतु भाव चढतात आणि मजुरी त्या मानानें चढत नाहीं, म्हणून तो लाभ बव्हंशीं मजुराच्या ताटांतून काढलेला असतो, हा मुद्दा त्यांनीं आग्रहानें मांडला. विद्वत्तेचा पेसा तर त्यांचा होताच. पण त्याबरोबर ज्या वर्गांत ते वाढले त्या वर्गाचें जीवनहि त्यांच्या डोळ्यांपुढें होतें. परभणीच्या शेतांत कापूस वेंचणारी मजूरबाई आणि त्या शेताचा धनी यांचें हित प्रत्येक वेळीं एकच असतें असें नाहीं, हा विचार त्या चर्चेंत येण्यास असा साक्षीदार यावा लागला. मात्र साक्षीदाराची खुर्ची आणि सभासदाची खुर्ची यांत अंतर असतें. साक्षीदार बोलतो, आणि उठून जातो.

यानंतर जगभर मंदी पसरली, आणि कापसाचे भाव कोसळले. त्या मंदींत दुसरा प्रसंग घडला, तो जपानचा. हिंदुस्थानचा आंखूड धाग्याचा कापूस जपानच्या गिरण्या मोठ्या प्रमाणांत घेत, आणि त्याच गिरण्यांचें स्वस्त कापड हिंदुस्थानच्या बाजारांत येई. १९३३ सालीं देशी गिरण्यांच्या रक्षणासाठीं ब्रिटिशेतर परदेशी कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत चढविण्यांत आली. जपानी गिरणीवाल्यांनीं उलट हिंदी कापसावर बहिष्कार घातला. गिरणीमालकास जकात हवी होती, शेतकऱ्यास गिऱ्हाईक हवें होतें, आणि दोघांची मागणी एकाच वेळीं पुरविणें कठीण होऊन बसलें होतें.

सिमल्यास झालेल्या वाटाघाटींत हिंदुस्थानच्या बाजूचे प्रमुख होते सर जोसेफ भोर, व्हाइसरॉयच्या मंडळांतील व्यापारमंत्री. त्यांचा जन्म १८७८ सालीं नाशिकास झाला; पुण्याचें डेक्कन कॉलेज आणि लंडन येथें शिक्षण घेऊन ते मुलकी सेवेंत शिरले. कापसाची पेढी त्यांनीं चालविली नव्हती, गिरणीहि चालविली नव्हती. पुढें सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नावर त्यांच्याच अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि तिच्या १९४६ च्या अहवालामुळें त्यांचें नांव आजहि घेतलें जातें. एकच मनुष्य आज कापूस आणि उद्यां आरोग्य हे दोन्ही विषय हाताळतो, ही मुलकी अधिकाऱ्याच्या पेशाची खूण आहे. त्याचें कौशल्य विषयाचें नसतें. तें दोन पक्षांमध्यें वाट काढण्याचें असतें. १९३४ च्या करारानें तशी वाट निघाली. जपाननें वर्षास दहा लाख गांठी कापूस घेतला तर ३२ कोटी ५० लक्ष वार कापड हिंदुस्थानांत पाठवावें. कापूस पंधरा लक्ष गांठींपर्यंत वाढविला तर कापड ४० कोटी वारांपर्यंत न्यावें. कापड आणि कापूस हे एकाच दाव्यास बांधण्याची ही युक्ति होती. केवळ गिरणीवाल्यानें ती काढली नसती, आणि केवळ शेतकऱ्यानें ती स्वीकारण्यास गिरणीवाल्यास भाग पाडलें नसतें. अधिकाऱ्याच्या पेशाचा हा गुण मान्य केला पाहिजे.

तिसरा प्रसंग याहून मोठा आहे. १९४४ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स या गांवीं ४४ राष्ट्रांची परिषद भरली, आणि तींतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधि व जागतिक बँक या दोन संस्था निघाल्या. हिंदुस्थानचे पांच प्रतिनिधि तेथें गेले होते. त्यांपैकीं सर जेरेमी रेझमन हे अर्थमंत्री, मूळचे मुलकी सेवेंतील. सर थिओडोर ग्रेगरी हे लंडनचे प्राध्यापक व सरकारचे आर्थिक सल्लागार. षण्मुखम् चेट्टी हे कायदेपंडित. मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्षपद आणि कोचीनचें दिवाणपद भूषविलेले, व पुढें स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री झालेले. अर्देशिर श्रॉफ हे मुंबईचे शेअरबाजार व उद्योग यांतील जाणते, टाटांच्या मंडळींतील. आणि पांचवे चिंतामणराव देशमुख, त्या वेळचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. त्या पदावर बसलेले पहिले हिंदी गृहस्थ.

देशमुखांची पूर्वपीठिका पाहण्यासारखी आहे. कुलाबा जिल्ह्यांतील महाडजवळच्या नाते या गांवीं १८९६ सालीं त्यांचा जन्म झाला; वडील वकील होते. केंब्रिजला त्यांनीं अर्थशास्त्र नव्हे, तर सृष्टिविज्ञान घेतलें, आणि वनस्पतिशास्त्राचें पारितोषिक मिळविलें. १९१८ च्या मुलकी सेवेच्या परीक्षेंत ते पहिले आले, आणि त्यांची नेमणूक मध्यप्रांत व वऱ्हाडांत झाली. तेथें त्यांनीं जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचें काम केलें. शेत पाहावें, जमिनीचा कस ठरवावा, पीक आणि सारा यांचा मेळ घालावा, असें हें काम असतें. पुढें ते त्या प्रांताचे अर्थसचिव झाले. नाण्याच्या प्रश्नावर जगापुढें बोलणाऱ्या या गृहस्थाच्या पायांस एकेकाळीं शेतांतील माती लागली होती. परभणीच्या शेजारचा वऱ्हाड हा कापसाचाच प्रांत; तेव्हां कापूस ही वस्तु त्यांस केवळ आंकड्यांच्या रकान्यांत भेटली नव्हती.

या पांच जणांच्या परिश्रमांचें फळ मिश्र आलें. युद्धांत हिंदुस्थाननें पुरविलेल्या मालाबद्दल ब्रिटनकडे शंभर कोटी पौंडांच्या आसपास येणें साठलें होतें. त्यांतील कांहीं भाग तरी इतर नाण्यांत मोकळा व्हावा, हा प्रश्न श्रॉफ यांनीं परिषदेंत जोरानें मांडला. व्यापाऱ्याच्या पेशांत वाढलेल्या माणसास थकबाकी म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. परंतु तो विषय निधीच्या कक्षेबाहेर ठेवण्यांत आला. दोन देशांनीं आपसांत मिटवावें असें ठरलें. मागासलेल्या देशांच्या उन्नतीचा उल्लेख निधीच्या उद्देशांत यावा, असाहि हिंदी प्रतिनिधींचा आग्रह होता. त्यांनीं मागितलेल्या शब्दांत तो आला नाहीं, तथापि सर्व सभासद राष्ट्रांच्या उत्पादक साधनांच्या विकासाचा उल्लेख उद्देशांत आहे. निधींत हिंदुस्थानचा वांटा ४० कोटी डॉलरांचा ठरला. तो सहाव्या क्रमांकाचा होता. परंतु रशिया निधींत सामील न झाल्यामुळें हिंदुस्थान पहिल्या पांचांत आला, आणि आपला कार्यकारी संचालक स्वतः नेमण्याचा अधिकार त्यास मिळाला.

हैदराबाद संस्थानाचा वेगळा प्रतिनिधि तेथें नव्हता. हाली शिक्क्यांत हिशेब करणाऱ्या परभणीकराचें नाणें त्या परिषदेच्या कागदांत नव्हतें. त्याचा कापूस मात्र तेथें ठरलेल्या नियमांखालीं येणार होता. पुढें १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत विलीन झालें. १९५० पासून भारतीय रुपया हालीबरोबर चालूं लागला, आणि १९५९ सालीं हाली शिक्का अखेरचा मोडीत निघाला. किमतीचा एक उंबरा असा कायमचा गेला.

पहिला उंबरा उरलाच. इतकेंच नव्हे तर तो हळूहळू जिनीव्हास सरकला. १९४८ सालीं अंमलांत आलेल्या जकातविषयक सर्वसाधारण कराराच्या पहिल्या २३ राष्ट्रांत भारत होता. १९९५ सालीं त्या कराराच्या पायावर जागतिक व्यापार संघटना उभी राहिली. या दोहोंच्या प्रमुखांचे पेशे एका ओळींत मांडले म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात. एरिक विंडहॅम व्हाइट हे ब्रिटिश बॅरिस्टर व कायद्याचे अध्यापक. ऑलिव्हिए लाँग हे स्वित्झर्लंडचे मुत्सद्दी, आर्थर डंकेल हे त्याच देशाचे व्यापारखात्यांतील अधिकारी. पीटर सदरलंड हे आयर्लंडचे बॅरिस्टर व माजी महाधिवक्ता. रेनातो रुजिएरो इटलीचे मुत्सद्दी. सुपाचाई पानिचपाकडी थायलंडचे अर्थशास्त्रज्ञ व बँकवाले. पास्काल लामी फ्रान्सचे सनदी अधिकारी. रॉबर्टो अझेवेदो ब्राझीलचे मुत्सद्दी, शिक्षणानें विद्युत् अभियंते. २०२१ सालीं पदावर आलेल्या एन्गोझी ओकोन्जो-इवेला या नायजेरियाच्या अर्थशास्त्रज्ञ, जागतिक बँकेंत दीर्घकाळ काम केलेल्या; या पदावरील पहिल्या स्त्री आणि पहिल्या आफ्रिकी व्यक्ति. या मालिकेंत १९९९ ते २००२ पर्यंतचे माइक मूर हे निराळे ठरतात. न्यूझीलंडच्या या गृहस्थांनीं लहानपणींच शाळा सोडली. मजुरी केली, छापखान्यांत काम केलें, आणि कामगार चळवळींतून वर येऊन ते आपल्या देशाचे पंतप्रधानहि झाले. शेतीवर पोट भरणारा मात्र या मालिकेंत एकहि नाहीं.

याचा अर्थ कायदेपंडितांनीं व मुत्सद्द्यांनीं कापूस पिकविणाऱ्याचें कांहींच भलें केलें नाहीं, असा नव्हे. अझेवेदो यांचेंच उदाहरण घ्यावें. अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्यांस जें भरघोस अर्थसाहाय्य देई, त्यामुळें जगांतील भाव दबतो, अशी तक्रार ब्राझीलनें २००२ सालीं संघटनेकडे नेली. त्या वादांत ब्राझीलची बाजू लढविणाऱ्यांत अझेवेदो अग्रभागीं होते. २००४ आणि २००५ सालीं निकाल मुख्यतः ब्राझीलच्या बाजूनें लागले. २०१४ सालीं अमेरिकेनें ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटविला. पुढें अझेवेदो प्रमुख असतांना, २०१५ च्या नैरोबी परिषदेंत शेतमालाच्या निर्यातीवरील अर्थसाहाय्य बंद करण्याचा ठराव झाला, आणि त्यांत कापसाचाहि समावेश होता. जगांतील दबलेला भाव ज्या कारणांनीं दबतो त्यांपैकीं एक कारण अशा रीतीनें सैल झालें, तर त्याचा लाभ ब्राझीलप्रमाणें बेनिनच्या आणि परभणीच्याहि शेतकऱ्यास थोडाबहुत पोंचतो. खटला चालविणें हें वकिली वृत्तीचेंच काम. शेतकऱ्यास तें साधलें नसतें. पण खटला कोणत्या मालाचा चालवावा, हें ठरवितांना ब्राझीलनें आपल्या कापूस उत्पादकांकडे कान दिला होता, हें विसरतां कामा नये.

घरच्या अंगणांतहि हेंच पाहावयास मिळतें. १९७२ सालीं महाराष्ट्रांत कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, आणि त्याच वर्षीं परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. बियाणें, कीड आणि धाग्याची लांबी यांचें ज्ञान जिल्ह्याच्या दारांत आलें. भावाचे निर्णय मात्र दूरच राहिले. २०१२ च्या मार्चमध्यें केंद्र सरकारनें कापसाची निर्यात एकाएकीं बंद केली. व्यापारखात्याचा हा निर्णय त्या वेळचे कृषिमंत्री शरद पवार यांस विचारल्यावांचून झाला, अशी त्यांनीं जाहीर तक्रार केली. आठवड्याच्या आंतच बंदी उठविण्याचें ठरलें. एकाच मंत्रिमंडळांत एका खात्याचा डोळा गिरण्यांकडे आणि दुसऱ्याचा शेताकडे, असा हा प्रसंग होता. २०२१ च्या फेब्रुवारींत परदेशी कापसावर शेंकडा ११ जकात बसली. २०२५ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेनें भारतीय मालावर जबर कर लादला तेव्हां कापडधंद्यास दिलासा म्हणून तीच जकात प्रथम सप्टेंबरअखेर व नंतर डिसेंबरअखेर माफ करण्यांत आली. परभणीच्या शेतांत कापूस फुटण्याचे तेच महिने. १९३३ चा पेंच, म्हणजे गिरणीचें हित एकीकडे आणि शेताचें दुसरीकडे, नव्या वेषांत पुन्हा दारीं आला.

मग उपाय कोणता? शेतकऱ्यानें सारीं कामें स्वतः करावीं, हें म्हणणें भाबडेपणाचें होईल. हुंडणावळीचें गणित, कराराची भाषा आणि खटल्याची बांधणी यांस त्या त्या पेशाची माणसें लागणारच. परंतु निरनिराळे पेशे एका टेबलाशीं बसले म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. तें कापसाचें नव्हे, उसाचें आहे. धनंजयराव गाडगीळ हे केंब्रिजला शिकलेले, कांहीं काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यांत काढलेले, पुढें सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे चालक. नगर जिल्ह्यांतील लोणीच्या परिसरांत शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारण्याचा उद्योग सुरू झाला तेव्हां त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ झाले, आणि उपाध्यक्ष विठ्ठलराव विखे पाटील. विखे पाटील हे बेताच्या शिक्षणाचे शेतकरी होते. प्राध्यापकास भांडवलाचा हिशेब येत होता. शेतकऱ्यास कोणत्या गांवीं कोण भाग घेईल, पाणी कोठें पुरेल, ऊस केव्हां तुटेल, हें ठाऊक होतें. १९५० अखेर कारखान्याचें चाक फिरलें. हेच गाडगीळ १९६७ ते १९७१ या काळांत नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. आणि दिल्लींतील त्या आसनावर बसणारा मनुष्य शेतकऱ्यांच्या सभेंत मांडी घालून बसलेला होता, ही त्यांची खरी पात्रता होती.

पेशानें मनुष्य बांधला जातो, पण कायमचा नव्हे. वनस्पतिशास्त्र शिकलेला गव्हर्नर होतो, छापखान्यांतील मजूर जागतिक संघटनेचा प्रमुख होतो, प्राध्यापक कारखाना उभा करितो. बांधणारी गोष्ट दुसरी आहे : एकाच पेशाचीं माणसें एकाच टेबलाशीं बसणें. सर्वांस एकच गोष्ट स्पष्ट दिसते, आणि एकच गोष्ट कोणासहि दिसत नाहीं. आणि ती न दिसल्याचें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. १९२६ सालीं दहांत एकजण कापसाचा जाणता होता, म्हणून निदान एक भिन्नमतपत्रिका तरी इतिहासांत राहिली. तो नसता तर निर्णय एकमुखी झाला असता, आणि एकमुखी निर्णय सदैव बरोबर असतो असा समज करून घेणें सोपें आहे.

वृत्तपत्रांत एखाद्या व्यापारी कराराची, जकातीची किंवा समितीच्या नेमणुकीची वार्ता येते तेव्हां शहरांतील वाचक नांवें वाचतो, पदव्या वाचतो आणि पान उलटतो. त्या नांवांपुढें त्या माणसांचा पेसा कोणता होता, आणि ज्याच्या मालाचा निर्णय व्हावयाचा आहे त्याचा पेसा त्या यादींत आहे कीं नाहीं, एवढें पाहण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाहीं. शहरांतील घरांत ज्या धोतरजोडीची, साडीची आणि चादरीची घडी मोडली जाते, तिचा पहिला धागा परभणीसारख्या जिल्ह्यांतील काळ्या भुईंतून निघालेला असतो. त्या धाग्याची किंमत ठरवितांना तो काढणाऱ्या हातास विचारलें गेलें कीं नाहीं, एवढी चौकशी तरी त्या घरांनीं करावी.